सुपभर कोंड्याला घेतलेला लेक

(अनसूयाबाई पळसदरीजवळच्या एका गावात एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांनी ओटीवर बसून सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत.)

नाव लिवायचं तर अनसूया लिवा, पण गावात मला कुणी अनसूया बोलत नाय, अनशी बोलतात, आणि आता तर तेवढं बोलणारी पण दोनचार माणसंच ऱ्हायलीत. माझं माहेर वर, ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमी सात भावंडं. सात म्हंजे तुमाला लय वाटतील ताई, पण तवा सात व्हायची ह्याचं नवल न्हवतं, घरोघरी सात-आठ व्हायची, नवल हे की आमी सातच्या सात जगलो. माझ्या आयचा पाळणा कदी रिता झाला नाय. लोक लांबून बघायला यायचे, म्हंजे कामाला यायचे पण बघून जायचे, ही बघा ती बाई, हिचं एक गेलं नाय. आय आमाला मंग मीठमोहऱ्या ओवाळायची, एकेकाला नाय, सातांना एकदम रांगेत बसवून, तिला तरी कुठं येळ व्हता.

ह्या गावात लगीन होऊन आले तवा सोळाची असन. आले तर काय बघते, घरोघरी बाया पोटुशा, आणि घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं. पावसाळा आला की पोरांना जुलाब लागायचे, दोन दिवसांत पोर हाताला लागायचं नाय. गोवर आला की चार घरं एकदम. रडायची पण एक रीत झालेली, बाई दोन दिवस रडायची आणि तिसऱ्या दिवशी लावणीला उभी ऱ्हायची, कारण भात काय कुणासाठी थांबत नाय. माझ्या शेजारची पारू, भावकीतली, नात्यानं माझी मोठी जाऊ, तिची तीन अशी गेली. तिसरं तर चालायला लागलेलं. पारू वेडी व्हायची बाकी ऱ्हायली व्हती. मंग चौथ्या खेपेला तिची सासू माझ्या दारात आली आणि बोलली, अनशे, तुझ्या आयचा पाळणा भरलेला, तुझा विलास पण धड हाय, आमचं हे पोर तू इकत घे.

तुमच्या तोंडावर दिसतंय मला, इकत म्हंजे काय. पैशानं नाय गं, ती रीत व्हती. ज्या बाईची पोरं जगत नाईत तिनं पाचवीच्या दुसऱ्या दिवशी पोर सुपात घालून उकिरड्याच्या कडंला ठेवायचं, आमाला नको बोलायचं, आणि ज्या बाईच्या हाताला यश हाय तिनं सुपभर कोंडा, भाताचा कोंडा, घरात कांडलेल्या भाताचा, तो देऊन पोर उचलायचं. म्हंजे सटवाईला वाटावं की ह्या घरातलं पोर गेलं, दुसऱ्या घरातलं हाय, तिची फसगत व्हावी. मंग पोर दूध प्यायला आपल्या आयकडंच, झोपायला तिच्याकडंच, पण ती आता आय नाय, ती दाई. पोरानं तिला नावानं बोलायचं आणि इकत घेणारीला आय. दिवाळीचे कपडे इकत घेणारीनं करायचे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला पोराला ओवाळायचं ते पण हिनंच. आणि पोर मोठं झालं की लग्नाची हळद लागायच्या आत खऱ्या आयनं तेवढाच सुपभर कोंडा परत द्यायचा आणि पोर सोडवून घ्यायचं. तोवर ते माझं.

मी अठरा-एकोणीसची, मला गंमत वाटली. कोंडा दिला, पोर उचललं, पारूनं तोंड फिरवलं, तिनं फिरवायचंच व्हतं, तशी रीतच. नाव ठेवलं धोंडू, दगडाला मरण नसतं म्हणून. आणि ते जगलं ताई. पयला पावसाळा काढला, दुसरा काढला, गोवर आला आणि आला तसा गेला. मंग काय, माझं नाव झालं. ह्या गावातनं, पलीकडच्या दोन वाड्यांतनं बाया आल्या, एकूण अकरा पोरं मी सुपात घेतली. त्यातली दोन गेली, खोटं कशाला बोलू, नऊ जगली. दिवाळीला माझ्या घरात कापडाचं गाठोडं यायचं, आमचे हे बोलायचे, अगं ही बाई हाय का सरकारी खातं. आणि मी ताठ चालायचे. विलासच्या पाठीवर मला झालं नाय, दुसऱ्या खेपेला आडवं आलं आणि डॉक्टरनी पिशवीच काढली, पण मला त्याचं दुःख असं झालं नाय, कारण दहा पोरं आय आय करत अंगणात.

आता जे सांगते त्यानं माझाच मान जातो, पण सांगते. पुढं नर्सबाई यायला लागली, दंडावर सुया टोचायची, ती एक दिवस माझ्या ओटीवर बसून बोलली, अनसूयाबाई, तुमच्या माहेरचं पाणी कुठलं? मी बोलले, डोंगरातला झरा, बारा महिने. आणि इथलं? इथलं तळ्याचं, म्हशी पण त्यातच. ती हसली आणि बोलली, मंग झालं तर, तुमच्या आयचा पाळणा त्या झऱ्यानं भरलेला. तिनं काय वाईट हेतूनं सांगितलं नाय, पाणी उकळा हे सांगायला सांगितलं, पण मला असं झालं की माझ्या हातातनं कुणी कायतरी काढून घेतलं. मंग बोअरिंग झालं, नळ झाला, सुया झाल्या, आणि पोरं आपसूक जगायला लागली. कुणी इकायला येईना. धंदा बसला माझा. हे चांगलंच झालं, वाईट कसं बोलू, पण सांगते आपलं जे मनात आलं ते.

पोरं जगली तशी शाळा भरली, दोन वर्ग एका खोलीत बसायचे. मंग खोपोलीकडं कंपन्या, कुंभिवलीच्या बाजूला हायवेला कामं, पोरं सायकलवर, मंग मोटारसायकलवर, मंग तिकडंच खोल्या घेऊन. माझी सुपातली नऊ पोरं, एक पनवेलला, दोन बदलापूरला, एक बडोद्याला. लग्नाआधी एकेकाची आय येऊन कोंडा देऊन पोर घेऊन गेली, मी दिलं, हसत दिलं. शेतं मुंबईच्या लोकांनी घेतली, बंगले झाले, शनवारी त्यांच्या दिव्यांनी एवढा उजेड पडतो की वाटतं गाव वाढलं, आणि सोमवारी बघावं तर कुत्री आणि वॉचमन. शाळा आता बंद, सात पोरं उरली ती पण रिक्षानं दुसऱ्या गावात जातात. आमच्या लहानपणी पोरं व्हती आणि टिकत न्हवती, आता सगळी टिकली आणि व्हायचीच थांबली. धोंडूचा लेक पुण्याला, लग्नाला तीन वर्षं झाली, डॉक्टरांकडं खेटे घालतात.

धोंडू, व्हय, धोंडूचं सांगायचंय. नऊतला एक धोंडूच परत द्यायचा ऱ्हायला. ऱ्हायला म्हंजे मी ठेवला. ते मी कुणाला सांगितलं नाय, ह्यांना पण नाय, तुमाला सांगते.

धोंडूचं लगीन ठरलं तवा माझा विलास नुकता पनवेलला खोली घेऊन गेला व्हता. माझ्याबरोबर चिखलात उतरणारा धोंडू, भारे वाहणारा धोंडू, संध्याकाळी आय काय केलंस गं म्हणत चुलीशी बसणारा धोंडू. हळदीच्या आदल्या दिवशी पारू सूप घेऊन आली. डोक्यावर पदर, सुपात कोंडा, वर हळदकुंकू, सव्वीस वरसं ह्या दिवसाची वाट बघितलेली बाई ती. धोंडूच्या पाठीवर तिला काय झालंच न्हवतं, तिला आय बोलणारं जगात एक पण माणूस न्हवतं. आणि मी दारातच बोलले, पारूबाय, आत नको येऊ, माहेरून निरोप आलाय, माझा चुलता गेला, मला सुतक हाय.

चुलता धडधाकट व्हता ताई. कसं तोंडातनं निघालं मला माहीत नाय. पारू उभी ऱ्हायली सूप घेऊन. सुतकात देवाणघेवाण व्हत नाय, आणि लगीन काय मोडता येत नाय, दुसऱ्या दिवशी हळद. ती परत गेली. आणि मंग काय झालं, सुतक सांगितलं तर मला मांडवात जाता येईना. माझ्याच तोंडानं मी माझ्या लेकाचं लगीन घालवलं. दार लोटून बसले, बाहेर बेंजो वाजतोय, वरात माझ्या दारावरनं गेली, धोंडूनं दाराकडं बघितलं असंल का नाय तेवढंच मी डोक्यात फिरवत बसले. ह्यांना कळलं असावं. एकटे जाऊन जेवून आले आणि कागदात दोन बुंदीचे लाडू आणले, माझ्यापुढं ठेवले. ते मी खाल्ले नाईत.

हळद लागली म्हंजे रीत संपली, आता परत देणं नाय. धोंडू माझा तो माझाच. तो मला आय बोलायचा आणि तिला पारूबाय, एकाच घरात तिच्या हातचं जेवून. श्रावणातल्या शुक्रवारी मी ताट घेऊन जायचे, पाटावर धोंडूला बसवायचे, पुरणाचे दिवे, आणि पारू चुलीपाशी काय तरी उगाच ढवळत बसायची. मला दिसत व्हतं. दिसत न्हवतं असं मी नाय बोलणार.

मंग हे गेले. मंग सहा वरसांमागं विलास गेला. एकोणपन्नासचा, कंपनीच्या कँटीनमधे चहाचा कप हातात, बसला तसाच. ज्या पोराला जुलाब नाय लागले, गोवर नाय लागला, त्याला हार्टनं नेलं. बारशाला मी गावाला सांगत फिरले व्हते की ह्याला काय व्हणार नाय. सून चांगली हाय, पनवेलला नोकरी करते, नात शिकते, बोलावतात मला, पण तितं तिसऱ्या माळ्यावर दार लावून बसायचं, ते इथं पण बसते, मंग इथंच बरं. फोन करतात रविवारी. बाकीचे सहा दिवस माझ्याशी बोलायला कोण, धोंडू. सकाळी दुधाची पिशवी घेऊन येतो, फाटकापासनंच हाक, आय उठलीस का गं. त्या एका हाकेवर माझा दिवस चालतो. हसू नका.

धोंडूनं पण जमीन दिली, आणि आता आपल्याच शेतात उभ्या ऱ्हायलेल्या बंगल्याचा केअरटेकर हाय. चालणं नाय, खुर्चीत बसणं, वर पाहुण्यांचं उरलेलं खाणं, केक काय, बिर्याणी काय. पन्नाशीच्या आत साखर निघाली. दोन वरसांमागं पायाचं एक बोट काढलं. ह्या वरसी परत जखम झाली, ती भरंना, आणि डॉक्टर बोलले सोमवारी उघडून बघू, हाडापर्यंत गेलं असंल तर घोट्यापासनं काढावा लागंल. त्याची बायको रडायला लागली. मी घरी येऊन देवापुढं बसले.

बुधवारी दुपारी पारू आली. ऐंशीची बाई, कंबरेत वाकलेली, कान गेलेले, काठी टेकत माझ्या ओटीवर बसली आणि बोलली, अनशे, ह्या शुक्रवारी जिवतीला मला ओवाळू दे. मी बोलले, ओवाळ की, कोण नको बोलतंय. ती बोलली, तशी नाय. माझा करून ओवाळू दे. सोमवारी त्याचा पाय कापायला घेतील, मी देवीला नवस बोलायला गेले तर शब्द फुटंना, कुणाच्या पोरासाठी बोलू? दुसरीच्या पोराचा नवस मला कसा लागू व्हईल?

मी बोलले, पारूबाय, हळद लागून अठ्ठावीस वरसं झाली, आता कुठली रीत. माझं मन कसं वागलं बघा, पन्नाशी उलटलेला माणूस, त्याचा पाय जायची येळ, आणि माझ्या पोटात भीती कसली, तर सकाळी फाटकातनं आता हाक काय येणार. पारू बोलली, तुझा चुलता मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कर्जतच्या बाजारात भेटला व्हता. सुके बोंबील घेत व्हता. मला विचारलं, आमची अनशी बरी हाय ना?

काय सांगू तुमाला, जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. मी बोलले, मंग बोलली का नाईस? भांडली का नाईस? ती बोलली, पयली दोन वरसं रोज भांडायला निघायचे. पण वाटायचं, तुझ्या हातानं जगलाय, तुझा हात दुखवला आणि त्याला काय झालं तर. मंग सवय झाली. मंग बोलायचं ठरवलं तर तुझा विलास गेला, आणि माझं तोंडच उघडंना. म्हटलं, ऱ्हाऊ दे हिच्याकडं, हिला कोण हाय.

मी तिला सांगितलं ताई, तवाच सांगितलं, की पारूबाय, माझ्या हातात काय न्हवतं, ते झऱ्याचं पाणी व्हतं, नर्सनं मला सांगितलं व्हतं, आणि ते मी तुझ्यापासनं चोरून ठेवलं. तिला ऐकू आलं का नाय ठावं नाय. तिनं फक्त विचारलं, मंग देतेस का? मी बोलले, देते. घेऊन जा तुझा लेक.

आता कोंडा. शुक्रवारी सकाळी आमी दोघी कोंडा शोधत गावभर. भाताचा कोंडा, ज्याचे इथं ढीग असायचे, कोंबड्यांना टाकायचा, तो एका घरात नाय. भातगिरण कवाच बंद पडली, तितं आता हॉटेल झालंय. रेशनचा तांदूळ पांढरा फटक. एका बंगल्यावरच्या वॉचमनला विचारलं, तो बिहारचा, त्याला वाटलं म्हाताऱ्यांना खायला पायजे, त्यानं बिस्किटाचा पुडा दिला. शेवटी धोंडूची सून सुट्टी काढून पुण्यावरनं आली व्हती ती बोलली, आजी, कोंडा आपल्याच घरात हाय. साखरेवर डॉक्टरनी भाकरीत कोंडा घालायला सांगितलाय, आमीच पाकिटं पाठवतो. डबा काढला तर गव्हाचा कोंडा, पाकिटातला. पारू बोलली, हा गव्हाचा, मी भाताच्या कोंड्यावर दिला व्हता. मी बोलले, तू दिलंस ते हातभर पोर, आता बघ केवढा, त्याला आणि भाताचा कुठं पुरणार. सून हसली, आणि कितीक वरसांनी पारू पण हसली.

उकिरडा तर आता ऱ्हायलाच नाय, तितं गाड्या लावतात. धोंडूला ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवला, पाय पट्टीत, तो बोलतोय काय चाललंय तुमचं, तरी बसला. सूप माझंच, खुंटीवर व्हतं. पारूनं त्यात डबा ओतला, माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं आणि जे बोलायचं ते बोलले, हे पोर तुझं, मला नको. मला नको, असंच बोलावं लागतं, तशी रीतच, आणि पारूनं तवा तोंड का फिरवलं ते मला त्या दिवशी कळलं. मंग मी त्याला बोलले, धोंडू, आता हिला आय बोल.

तो बोलला, पण हळू. पारू बोलली, काय रं? ऐकू येत नाय. मंग तो मोठ्यानं बोलला, आय. वाट चालणारी दोन माणसं थांबली. पारूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी येळ काढलाच नाय, ओवाळायचं ताट सून धरून उभी, दिवे विझायला आले. मी सूप घेऊन घरी आले. मोठ्या मनानं दिलं न् बरं वाटलं असलं काय नाय झालं. कोंडा तसाच कोपऱ्यात ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी आणखी दोन बोटं काढली, पाय ऱ्हायला. पारू बोलते, देवी पावली. डॉक्टर बोलले, येळेत आलात. मी दोघांना व्हय बोलते.

तीन आठवड्यांनी काल सकाळी फाटकाची कडी वाजली. रोजची हाक नाय. मी आत चहा टाकलेला, थांबले, वाटलं वासरू असंल. बाहेर येऊन बघते तर धोंडू, एका हातात काठी, एका हातात दुधाची पिशवी, उभा. किती येळ उभा व्हता देव जाणे. आय ही हाक आता पारूला दिलेली, आणि मला नात्यानं काकी बोलावं तर ते त्याच्या तोंडातनं निघंना, म्हणून हाकच न मारता उभा, चोपन्न वरसांचा बाप्या. माझा राग, लोभ सगळा तितंच गळाला. मी बोलले, ये रं बाबा आत, दूध तापंल उन्हात, हाक काय मारायची ते मंग बघू.